परदेशात गेल्यावर आपला नेहमीचा नंबर कुठे जातो?

परदेशी निघालेल्या माणसाला व्हिसा, विमा आणि सामानाचे वजन यांबद्दल नीट माहिती मिळते. फोनच्या नंबरबद्दल मात्र जितकी तोंडे तितके सल्ले ऐकावे लागतात. कोणी सांगतो की विमानात बसण्याआधीच सिम काढून पाकिटात ठेवावे, नाहीतर परतल्यावर बिल पाहून डोळे पांढरे होतील. कोणी सांगतो की सिम काढले की व्हॉट्सॲप गेलेच म्हणून समजा. तिसरा म्हणतो, हल्ली सगळे इंटरनेटवरच चालते, तेव्हा जुना नंबर असला काय आणि नसला काय. तिघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे आणि त्यामुळेच ऐकणारा अधिक गोंधळतो. त्यात प्रवाशांसाठी खास ई-सिम, म्हणजे कार्डाऐवजी इंटरनेटवरून फोनमध्ये उतरवायचे सिम, विकणाऱ्या जाहिरातींची भर पडली आहे. त्या जाहिराती स्वस्त डेटाबद्दल भरभरून बोलतात, पण नेहमीच्या नंबरवर येणाऱ्या निरोपांचे काय होणार, हे सहसा सांगत नाहीत.

हा गुंता सोडवायचा तर एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. आपला नंबर दोन निरनिराळी कामे करतो. एक काम ओळखीचे : समोरचा माणूस, बँक किंवा एखादे ॲप आपल्याला त्या नंबरने ओळखते. दुसरे काम वाटेचे : त्या नंबरवर पाठवलेला एसएमएस किंवा केलेला फोन मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यातून आपल्यापर्यंत येतो. परदेशात पहिले काम जवळजवळ फुकटात आणि सिमच्या मदतीशिवाय चालू राहू शकते. दुसऱ्या कामासाठी सिम फोनमध्ये असावे लागते, चालू असावे लागते आणि त्याला तिथल्या नेटवर्कने प्रवेश दिलेला असावा लागतो. वरचे तिन्ही सल्लागार या दोन कामांची गल्लत करतात.

नंबर सिममध्ये नसतो

नंबर सिमकार्डात साठवलेला असतो, असे बहुतेकांना वाटते. सिममध्ये एक ओळख क्रमांक असतो खरा, पण तो आपला दहा-बारा आकडी फोन नंबर नव्हे. तो सहसा १५ अंकी असतो, त्याला आयएमएसआय म्हणतात आणि तो आपण कधी पाहत नाही. त्याचे पहिले ३ अंक देश दाखवतात, पुढचे २ किंवा ३ कंपनी, आणि उरलेले त्या कंपनीचा विशिष्ट ग्राहक. त्या जोडीला सिममध्ये एक गुप्त किल्ली असते, जी सिमच्या बाहेर कधीच पडत नाही. आपला फोन नंबर मात्र आपल्या कंपनीच्या मध्यवर्ती नोंदवहीत असतो. अमुक आयएमएसआय म्हणजे तमुक नंबर, आणि तो ग्राहक या क्षणी कुठल्या नेटवर्कवर आहे, एवढे ती नोंदवही सांगते.

विमान उतरल्यावर एअरप्लेन मोड काढला की पुढच्या मिनिटभरात काय घडते, ते पाहण्यासारखे आहे. फोन आसपासची नेटवर्क शोधतो, सिममध्ये लिहिलेल्या पसंतीच्या यादीशी ती ताडून पाहतो आणि त्यांतल्या एकाकडे आयएमएसआय देऊन प्रवेश मागतो. तिथली कंपनी सुरुवातीचे अंक वाचून हा पाहुणा कुठल्या देशातल्या कुठल्या कंपनीचा, हे ओळखते आणि त्या कंपनीकडे चौकशी करते. घरची कंपनी एक यदृच्छ संख्या आणि तिचे अपेक्षित उत्तर पाठवते. ती संख्या सिमला दिली जाते, सिम आपल्या गुप्त किल्लीने उत्तर काढते, आणि दोन्ही उत्तरे जुळली तरच पाहुण्याला आत घेतले जाते. मग घरच्या नोंदवहीत नवी नोंद होते : हा ग्राहक आता अमुक देशातल्या अमुक कंपनीकडे आहे. गावाला जाताना आपण शेजाऱ्यांना मुक्कामाचा पत्ता सांगून जातो, म्हणजे कोणी आले तर ते योग्य ठिकाणी पाठवतील. रोमिंग म्हणजे तीच व्यवस्था, फक्त पत्ता आपण सांगत नाही, फोन स्वतःच कळवतो. थोड्याच वेळात दरांची माहिती देणारा स्वागताचा एसएमएस येतो, तो ही नोंद झाल्याची खूण असते.

एवढे कळले की पुढची बरीच उत्तरे आपोआप मिळतात. सिम पाकिटात असेल तर नोंदवहीला नवा पत्ता कळत नाही, म्हणून एसएमएस येत नाहीत. आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा घरून निघताना सुरू करून घेतलेली नसेल तर घरची कंपनी चौकशीला नकार देते आणि फोनवर नुसते «सेवा नाही» असे दिसत राहते. हे तिथे पोहोचल्यावर लक्षात आले तर दुरुस्त करणे कटकटीचे होते, कारण कंपनीच्या ॲपमध्ये शिरायलाही त्याच नंबरवर येणारा कोड लागतो.

एसएमएस एका वाटेने, ॲपचा निरोप दुसऱ्या

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी पाठवला गेला. तेव्हा मोबाइलवर इंटरनेट नव्हते, आणि आजही एसएमएसला इंटरनेट लागत नाही. तो फोन जोडण्या-तोडण्याच्या सूचना ज्या मार्गाने जातात त्याच मार्गाने प्रवास करतो; म्हणून डेटा पूर्ण बंद ठेवला तरी एसएमएस येतो. पाठवणाऱ्याच्या कंपनीचे संदेश केंद्र आपल्या कंपनीच्या नोंदवहीला विचारते, पत्ता घेते आणि निरोप परदेशातल्या नेटवर्ककडे रवाना करते. फोन बंद असेल तर निरोप केंद्रात थांबतो आणि पुन्हा पुन्हा पाठवून पाहिला जातो. किती काळ थांबायचे, हे कंपनी किंवा पाठवणारा ठरवतो. आईने पाठवलेल्या खुशालीच्या निरोपाला उशीर चालतो, पण पाच मिनिटांत बाद होणारा ओटीपी दोन तासांनी मिळून उपयोग नसतो.

व्हॉट्सॲप, सिग्नल, टेलिग्राम यांचे निरोप या वाटेने जातच नाहीत. ते इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातात आणि तिथून आपल्या फोनमधल्या ॲपकडे येतात. ते इंटरनेट हॉटेलच्या वाय-फायचे आहे, नव्या सिमचे आहे की मित्राच्या हॉटस्पॉटचे, याच्याशी ॲपला कर्तव्य नसते. खाते उघडताना एकदा एसएमएसने किंवा फोनने आलेला कोड टाकून हा नंबर आपलाच असल्याचे सिद्ध केलेले असते. त्यानंतर ॲप तो नंबर केवळ ओळख म्हणून वापरते.

«नवे सिम टाकले तर व्हॉट्सॲपचा नंबर बदलेल ना?»

बदलत नाही. ही शंका इतकी सार्वत्रिक आहे की तिचे उत्तर ठळकपणे द्यायला हवे : फोनमध्ये कुठले सिम आहे यावर व्हॉट्सॲपचा नंबर ठरत नाही. जुने सिम काढून नवे घातले तरी खाते जुन्याच नंबरवर राहते, गट तसेच राहतात, आणि आपले निरोप समोरच्याला जुन्याच नावाने दिसतात. नंबर बदलतो तो आपण स्वतः सेटिंगमध्ये जाऊन बदलला तरच, किंवा ॲप काढून पुन्हा घातले आणि नोंदणी करताना नवा नंबर दिला तर. नवे सिम ओळखून फोनने किंवा एखाद्या ॲपने «नवा नंबर वापरायचा का?» असे विचारलेच, तर नकार द्यावा.

प्रवासापुरत्या घेतलेल्या नंबरवर खाते हलवणे हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत महागडा उतावीळपणा आहे. तो नंबर आपण परतल्यावर बंद पडतो, काही काळाने कंपनी तो दुसऱ्या ग्राहकाला देते, आणि त्या नंबरवर येणारे नोंदणीचे कोड मग त्या अनोळखी माणसाच्या हातात पडतात.

आयफोन वापरणाऱ्यांसाठी थोडी वेगळी सूचना आहे. आयमेसेज ही आयफोनची स्वतःची निरोपांची सेवा. हे आयमेसेज इंटरनेटवरून चालत असले तरी ते फोनमधल्या सिमच्या नंबरशी अधिक घट्ट बांधलेले आहे. जुने सिम काढले तर आपले निरोप नंबरऐवजी ॲपल खात्याच्या ईमेल पत्त्यावरून जाऊ लागतात आणि समोरच्याला ते अनोळखी माणसाचे वाटतात. जुनी लाइन फोनमध्ये चालू ठेवली, तर सेटिंगमध्ये निरोप कुठल्या पत्त्यावरून पाठवायचे ते पाहून नेहमीचा नंबर निवडता येतो. शिवाय नवे सिम घातल्यावर आयमेसेज सुरू करण्यासाठी फोन गुपचूप एक एसएमएस पाठवतो आणि कंपनीच्या दराप्रमाणे त्याचे पैसे लागू शकतात.

«मग जुने सिम खिशात ठेवले तर काय बिघडते?»

निवांत फिरायला गेलेल्या माणसाचे आठवडाभर काही बिघडणारही नाही. बिघडते ते एखाद्याने आपली ओळख पुन्हा मागितली तेव्हा. परक्या देशातून केलेला व्यवहार बँकेला संशयास्पद वाटतो आणि ती ओटीपी पाठवते. ईमेल सेवेला नव्या ठिकाणाहून झालेला प्रवेश खटकतो आणि ती कोड पाठवते. फोन बिघडतो, नवा घेतला जातो आणि व्हॉट्सॲप पुन्हा नोंदणी मागते. म्हणजे ज्या नंबरची एरवी महिनोन्‌महिने आठवण होत नाही, त्याची गरज नेमकी परदेशातच वाढते.

या परावलंबनातून अंशतः सुटण्याचा मार्ग आहे, तो निघण्यापूर्वी अंगीकारावा. ज्या सेवा परवानगी देतात, त्यांच्यासाठी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप लावावे. हे ॲप फोनमध्ये साठवलेले गुपित आणि घड्याळातली वेळ यांवरून सहसा दर ३० सेकंदांनी नवा कोड काढते. त्याला ना सिम लागते, ना इंटरनेट. प्रत्येक बँक ही सोय देत नाही, म्हणून सिमची गरज संपत नाही, पण निम्मी काळजी मिटते. ऑथेंटिकेटर ॲपही त्याच फोनमध्ये असते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून ही सोय लावताना मिळणारे राखीव कोड कागदावर उतरवून फोनपासून वेगळे ठेवायचे असतात.

दोन लाइनी एकाच फोनमध्ये

घरचे सिम ओळखीसाठी आणि एसएमएससाठी, दुसरे सिम डेटासाठी, ही विभागणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. दोन सिमचे फोन पुष्कळ वर्षे आहेत. ई-सिममुळे ही मांडणी आणखी सोपी झाली. ई-सिम म्हणजे फोनमध्येच बसवलेली चिप, जिच्यात कंपनीची माहिती इंटरनेटवरून उतरवून घेता येते. आयफोनमध्ये ती २०१८ च्या एक्सएस मालिकेपासून आली, आणि अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ पासून, म्हणजे २०२२ पासून, तिथल्या फोनना सिमचा ट्रेच राहिला नाही. प्रवासाचे ई-सिम घरच्या वाय-फायवरच उतरवून ठेवावे, कारण ते उतरवायलाच इंटरनेट लागते. त्याआधी आपला फोन एखाद्या कंपनीपुरता बांधलेला तर नाही ना, हेही पाहावे. तसा असेल तर दुसऱ्या कंपनीचे सिम त्यात चालणार नाही.

आता सेटिंगचा पडदा उघडून पाहू. दोन्ही लाइनी चालू दिसतात. मोबाइल डेटासाठी प्रवासाची लाइन निवडायची. घरच्या लाइनीवर डेटा रोमिंग बंद करायचे. लाइन मात्र बंद करायची नाही. बहुतेकांची चूक इथेच होते. «डेटा रोमिंग बंद» आणि «लाइन बंद» ही दोन बटणे शेजारी-शेजारी असतात आणि घाबरलेला माणूस दोन्ही दाबून मोकळा होतो. तिसरे एक बटण असते, आयफोनमध्ये त्याचे नाव सेल्युलर डेटा स्विचिंग असे आहे. ते चालू राहिले तर एका लाइनीची रेंज गेल्यावर फोन आपणहून दुसऱ्या लाइनीचा डेटा वापरू शकतो, म्हणून तेही बंद करावे. याउलट प्रवासाच्या ई-सिमवर डेटा रोमिंग चालूच ठेवावे लागते, हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. कारण असे की ही ई-सिम बहुधा तिसऱ्याच देशातल्या कंपनीची असतात आणि आपण जिथे उतरलो तिथे तीही पाहुणीच असतात. ते बटण बंद असेल तर ई-सिमचे पैसे भरूनही इंटरनेट चालत नाही.

फोनमधले संपर्क एकदा तपासून घेण्याची सूचना क्षुल्लक वाटेल, पण ती उपयोगी आहे. देशाच्या कोडशिवाय साठवलेला नंबर परदेशातून लावला तर तिथले नेटवर्क तो आपल्याच देशातला समजते. देशाबाहेर फोन लावण्याचे उपसर्गही जागोजागी वेगळे आहेत, पुष्कळ ठिकाणी ००, अमेरिकेत ०११, जपानमध्ये ०१०. अधिक चिन्ह आणि देशाचा कोड घालून साठवलेला नंबर मात्र कुठूनही बरोबर लागतो.

«सिम चालू ठेवले की बिल येणारच»

ही भीती निराधार नाही, पण ती चुकीच्या जागी आहे. रोमिंगच्या मोठ्या बिलांच्या गोष्टी आपण ऐकतो, त्यांतल्या बहुतेक डेटाच्या असतात : फोटो आपोआप साठवणे, ॲपचे अपडेट, पार्श्वभूमीत चाललेले व्हिडिओ. डेटा रोमिंग बंद केले की तो नळ बंद होतो. रोमिंगमध्ये आलेला एसएमएस वाचायला बहुतेक कंपन्या पैसे घेत नाहीत; तरी आपल्या कंपनीचे दरपत्रक निघण्यापूर्वी वाचावे, विशेषतः हे पाहावे की एक एसएमएस पाठवला किंवा एक फोन घेतला की पूर्ण दिवसाचे रोमिंग शुल्क आपोआप लागू होते का.

पैसे गळण्याच्या ज्या जागा उरतात त्या लहान आहेत, पण ध्यानात येत नाहीत. त्यांतली सर्वांत चमत्कारिक म्हणजे व्हॉइसमेल, म्हणजे न उचललेल्या फोनवरचा बोललेला निरोप साठवून ठेवणारी सोय. समजा, घरच्या नंबरवर फोन आला आणि आपण तो उचलला नाही. तोवर तो फोन घरच्या देशातून आपल्या मुक्कामाच्या देशात पोहोचलेला असतो. आपण न उचलल्यामुळे तिथले नेटवर्क तो व्हॉइसमेलकडे वळवते, आणि व्हॉइसमेल असतो घरच्या देशात. म्हणजे फोन गेला आणि परत आला. काही कंपन्या या दोन्ही फेऱ्यांचे पैसे आपल्या नावावर लावतात, आणि आपण तर फोनला हातही लावलेला नसतो. उपाय सोपा आहे. निघण्यापूर्वी व्हॉइसमेल बंद करावा. जीएसएम पद्धतीच्या बहुतेक नेटवर्कवर ##००२# हा कोड फोनसारखा लावला की सर्व प्रकारचे कॉल वळवणे रद्द होते. ज्याला व्हॉइसमेल हवाच आहे, त्याने सगळे फोन बिनशर्त वळवावेत. मग ते घरच्या नेटवर्कमध्येच वळतात आणि परदेशापर्यंत येतच नाहीत.

दुसरी गळती निरोप पाठवताना होते. आयमेसेज किंवा अँड्रॉइडवरची तशीच सोय, आरसीएस, इंटरनेटवरून निरोप पाठवते, पण इंटरनेट अडखळले की काही फोन तोच निरोप आपणहून एसएमएस म्हणून पाठवतात, आणि रोमिंगमध्ये जाणारा एसएमएस सहसा महाग असतो. मराठीत लिहिणाऱ्याला तर हा भुर्दंड अधिक बसतो. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात. देवनागरीत ७०, आणि निरोप लांबला तर प्रत्येक तुकड्यात ६७, त्यातही काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये बसणारा १५० अक्षरांचा मजकूर देवनागरीत तीन एसएमएसचे पैसे घेतो. एसएमएस म्हणून पाठवण्याची ही सोय सेटिंगमध्ये बंद करता येते. चित्रासह येणारा एमएमएस मात्र डेटा बंद असलेल्या लाइनीवर सहसा उतरत नाही. त्याची वाट पाहू नये.

जहाजावर आणि विमानात वेगळाच प्रकार असतो. तिथले मोबाइल नेटवर्क उपग्रहामार्फत चालते आणि जमिनीवरच्या रोमिंग योजना त्याला लागू होतीलच असे नाही. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून आपल्या सदस्य देशांमधले रोमिंगचे जादा शुल्क काढून टाकले, पण ती सवलतही अशा उपग्रही नेटवर्कला लागू नाही. जहाज बंदर सोडताना एअरप्लेन मोड लावून नुसते वाय-फाय सुरू ठेवणे बरे.

वाय-फाय कॉलिंगने सगळेच सुटत नाही का?

काही अंशी सुटते. वाय-फाय कॉलिंगमध्ये फोन इंटरनेटवरून आपल्या घरच्या कंपनीपर्यंत एक सुरक्षित मार्ग काढतो आणि फोन व एसएमएस त्यातून येतात-जातात. तिथल्या मोबाइल नेटवर्कचा संबंधच येत नसल्यामुळे अनेक कंपन्या असे फोन घरूनच केल्यासारखे मोजतात. काही फोनमध्ये तर घरच्या लाइनीचे वाय-फाय कॉलिंग दुसऱ्या सिमच्या डेटावरूनही चालते, मग हॉटेलबाहेरही ते हाताशी राहते. ज्या देशांत ३जी बंद झाले आहे तिथे याचा विशेष उपयोग होतो. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ च्या अखेरीस ३जी बंद केले. अशा ठिकाणी घरच्या कंपनीचा ४जीवरून बोलण्याबाबतचा करार नसेल, तर डेटा चालतो पण साधा फोन लागत नाही.

मात्र यावर विसंबण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. काही कंपन्या परदेशी इंटरनेटवरून येणारे वाय-फाय कॉलिंग अडवतात, आणि काही ठिकाणी ते आधी देशातच सुरू करून घ्यावे लागते. शिवाय आपण ज्या देशात आहोत तिथल्याच नंबरला लावलेला फोन या पद्धतीत आंतरराष्ट्रीय ठरतो, कारण हिशेबाच्या दृष्टीने आपण घरी बसलेलो असतो. संकटकाळचे फोन वाय-फायवरून लावले तर आपले ठिकाण चुकीचे कळू शकते. ते तिथल्या मोबाइल नेटवर्कवरूनच लावावेत.

ॲपच बंद असलेले देश

चीनमध्ये २०१७ पासून व्हॉट्सॲप चालत नाही. संयुक्त अरब अमिरातीत त्याचे लिखित निरोप चालतात, पण त्यावरून बोलणे अडवलेले असते. इथे एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. रोमिंगमध्ये आपला डेटा सहसा तिथून थेट इंटरनेटवर जात नाही. तो आधी सिमच्या मूळ कंपनीकडे नेला जातो आणि तिथून बाहेर पडतो. म्हणून चीनमधल्या हॉटेलच्या वाय-फायवर मुके झालेले व्हॉट्सॲप, बाहेरच्या कंपनीच्या सिमवरून रोमिंग करणाऱ्या फोनवर बहुधा सुरू होते. तिथले स्थानिक सिम घेतले तर मात्र तसे होत नाही. अशा देशात जाणाऱ्याने डेटाचे सिम निवडताना किमतीआधी हा फरक पाहावा, आणि तिथले नियमही वाचावेत.

फोनच हरवला तर?

या शक्यतेचा विचार निघण्यापूर्वीच करायला हवा, कारण नंतर हाती फारसे काही उरत नाही. हरवलेल्या फोनमधले सिम काढून कोणी दुसऱ्या फोनमध्ये घातले, तर आपले सगळे ओटीपी त्याला मिळू लागतात. फोनच्या पडद्याचे कुलूप इथे उपयोगी पडत नाही. यावर सिमचा स्वतःचा पिन हा जुना आणि दुर्लक्षित उपाय आहे. तो ४ ते ८ अंकी असतो, तीनदा चुकला की सिम कुलूपबंद होते, आणि मग ८ अंकी पीयूके कोड लागतो; तो दहा वेळा चुकला की सिम कायमचे निकामी. पीयूके कोड प्रवासात जवळ असावा, पण फोनमध्ये नव्हे. व्हॉट्सॲपलाही दुहेरी पडताळणीचा ६ अंकी पिन लावता येतो, मग नुसत्या एसएमएसच्या कोडने कोणी लगेच खाते पळवू शकत नाही.

घरचा नंबर प्रत्यक्ष कार्डावर असावा की ई-सिमवर, याबद्दल मते वेगळी आहेत. ई-सिम चोराला काढता येत नाही, हा मोठा फायदा. पण ते नव्या फोनमध्ये उतरवायला कंपनीकडे ओळख पटवावी लागते, आणि पुष्कळदा त्या पडताळणीचा कोड त्याच हरवलेल्या नंबरवर येतो. कार्ड गेले तर दुसरे टपालाने मागवावे लागते. दोन्हीकडे अडचण आहेच. म्हणून व्हॉट्सॲपला संगणक किंवा दुसरे उपकरण आधीच जोडून ठेवणे शहाणपणाचे. जोडलेली उपकरणे मुख्य फोन बंद असतानाही चालतात, मात्र तो १४ दिवसांपेक्षा जास्त काळ वापरला गेला नाही तर तीही बाहेर पडतात. टेलिग्राम नव्या प्रवेशाचा कोड आधी चालू असलेल्या दुसऱ्या उपकरणावर पाठवते, त्यामुळे तिथे जोडलेला लॅपटॉप अधिकच कामी येतो.

मुक्काम लांबला तर

पंधरा दिवसांच्या सहलीत नंबर जिवंत ठेवणे हा प्रश्न नसतो. वर्षभराच्या शिक्षणात किंवा नोकरीत तो असतो. वापर झाला नाही किंवा रिचार्जची मुदत संपली, की ठरावीक काळाने कंपनी नंबर काढून घेते आणि पुन्हा विक्रीला ठेवते. ती मुदत कंपनीकडून लेखी विचारून घ्यावी, आणि कशाला वापर मानले जाते हेही विचारावे : काहींना रिचार्ज पुरतो, काहींना एखादा फोन किंवा एसएमएस जायला हवा असतो. नुसते आलेले ओटीपी वापर म्हणून धरले जातीलच, असे नाही.

जुना नंबर इंटरनेटवरून चालणाऱ्या टेलिफोन सेवेकडे वळवून ठेवण्याचा मार्ग काही देशांत उपलब्ध आहे आणि तो स्वस्तही पडतो. पण बऱ्याच बँका आणि काही ॲप अशा नंबरवर कोड पाठवायला नकार देतात, म्हणजे ज्या कामासाठी नंबर जपला तेच अडते. त्यापेक्षा नंबर खरोखरच सोडायचा असेल, तर तो हातात असतानाच सोडावा : आधी बँका, मग ईमेल, मग इतर खाती नव्या नंबरवर न्यावीत, आणि शेवटी व्हॉट्सॲपमधल्या नंबर बदलण्याच्या सोयीने खाते हलवावे, म्हणजे गट टिकतात आणि निवडलेल्या संपर्कांना नवा नंबर कळतो. या क्रमात बँका पहिल्या ठेवायचे कारण असे की पुष्कळ बँका नवा नंबर नोंदवताना जुन्या नंबरवर एक शेवटचा ओटीपी पाठवतात.